सातबारा, ऊसबिल आणि पोटगी : सांगलीत घटस्फोटाची केस टाकण्याआधी

माझ्या धाकट्या बहिणीच्या केसची पहिली महत्त्वाची तारीख अजून डोळ्यांसमोर आहे. सांगलीत विजयनगरच्या कोर्टात पुकारा झाला, आम्ही दोघी आत गेलो. आमचा अर्ज अठरा पानांचा होता. सासू केव्हा काय बोलली, दिराने कोणत्या रात्री दाराला कडी घातली, नवरा तासन् तास कुणाशी फोनवर असायचा, सगळं तारीखवार लिहिलेलं. न्यायाधीशांनी पानं चाळली आणि एकच विचारलं, "यांचं उत्पन्न किती? त्याचा कागद कुठे आहे?" आमच्याकडे एकही कागद नव्हता. समोरचे वकील म्हणाले, मुलगा वडिलांच्या रानात राबतो, त्याच्या स्वतःच्या नावावर काही नाही. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोटगी मंजूर झाली ती इतकी तुटपुंजी की भाच्याच्या शाळेची फीसुद्धा भागेना. ती वाढवून घेण्यात आमचं दीड वर्ष गेलं.

त्यानंतर गावातल्या आणि नात्यातल्या पाच-सहा जणींबरोबर मी कोर्टाच्या पायऱ्या चढले. मी वकील नाही. पण एक गोष्ट मला पक्की कळली आहे. आपली माणसं छळाची हकीकत तोंडपाठ करून येतात आणि उत्पन्नाचा कागद घरी ठेवून येतात. घटस्फोट मिळतो तो वागणुकीच्या पुराव्यावर. पोटगी ठरते ती प्रामुख्याने ऐपत आणि गरज यांच्या पुराव्यावर. ही दोन कामं वेगळी आहेत, त्यांची तयारीही वेगळी करावी लागते.

स्टॅम्पवरची फारकत

आधी हा गैरसमज काढून टाका. अजूनही बैठक बसते, चार जाणती माणसं येतात, स्टॅम्प पेपरवर "आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही" असं लिहून नोटरी करतात आणि दोघं मोकळे झाले असं समजतात. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न असं सुटत नाही. एखाद्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कायद्याचं कलम २९ तिला मान देतं, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते आणि ते अवघड असतं. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं आणि नव्या बाईचे हक्क अडचणीत येतात. बहिणीलाही असा कागद करायला बसवलं होतं, "एक लाख घे आणि सही कर" म्हणून. तिने सही केली नाही. तुम्हीही करू नका.

केस कुठे टाकायची

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न जिथे झालं, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिली किंवा सामनेवाला जिथे राहतो, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको अर्जदार असेल तर ती आज जिथे राहते तिथेही चालतो. म्हणजे नवरा कोइमतूरला गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) दुकानावर असला तरी आटपाडीच्या मुलीने तिकडे जायची गरज नाही. तुमचं गाव कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत येत असेल तर अर्ज तिथे जातो, नसेल तर दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या खिडकीवर गावाचं नाव सांगितलं की हे कळतं. ती खिडकी आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यात महिलांना कोर्ट फी माफ आहे, हेही पुष्कळ जणींना माहीत नसतं.

लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्ज सहसा घेत नाहीत. असह्य हालअपेष्टा असतील तर कोर्टाची खास परवानगी मागावी लागते. पोटगीला मात्र असं बंधन नाही.

पोटगीच्या नेहमीच्या वाटा तीन, आणि त्यांची गल्लत करू नका. पहिली, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. जुन्या माणसांच्या तोंडी अजून "एकशे पंचवीस" असतं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याचा नंबर बदलला. हा अर्ज धर्म न बघता चालतो, म्हणून मिरजेतल्या मुस्लिम बहिणीसाठीही हीच सरळ वाट आहे. दुसरी, हिंदू विवाह कायद्याची कलमं २४ आणि २५. केस चालू असताना २४, निकालाच्या वेळी किंवा नंतर २५. ही दोन्ही कलमं नवऱ्यालाही लागू आहेत, तो खरोखर कमवू शकत नसेल तर. तिसरी, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. घरातून बाहेर काढलं असेल, मारहाण असेल, राहायला जागा नसेल, तर या कायद्याखाली तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. निवासाचा, संरक्षणाचा आणि पैशाचा हुकूम एकाच अर्जात मिळू शकतो. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं आहे. अर्ज भरायला तालुक्याचा संरक्षण अधिकारी मदत करतो. जिवावरचा प्रसंग असेल तर आधी ११२ किंवा १८१ ला फोन लावा, अर्जाचं नंतर बघता येतं.

एकाहून जास्त ठिकाणी अर्ज करता येतात, पण एका कोर्टात मिळालेला हुकूम दुसऱ्या कोर्टापासून लपवता येत नाही. रकमांची वजावट होते.

उत्पन्नाचे कागद

आता मुख्य काम. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. वकील त्याला "रजनेश विरुद्ध नेहा" म्हणतात. त्या दिवसापासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनाही आपल्या मालमत्तेचं आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने मोलाची गोष्ट म्हणजे त्याच निकालात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. एकूण जमीन किंवा तिच्यातला हिस्सा किती, ओलिताखाली किती, कोणती पिकं घेतली, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, बटईने केलेली किंवा खंडाने घेतलेली जमीन, जनावरं, कर्ज, हे सगळं त्यात विचारलं आहे. पगारदारांचा नमुना भरून "पगार नाही" असं लिहून मोकळं होता येत नाही. समोरच्याने तसा नमुना दिला तर शेतीचा नमुना भरून द्यावा असा अर्ज ताबडतोब करा. आमच्याकडून तेच राहिलं होतं.

आता तो काय लिहील याची वाट बघत बसू नका. तुमचे कागद आधी तयार ठेवा.

सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून घरबसल्या निघतात. आठ-अ वर त्या गावातली खातेदाराची सगळी जमीन एकत्र दिसते, म्हणून आधी तो काढा. मग शेजारच्या गावांत आणि आजोळी जमीन आहे का ते बघा, कारण आठ-अ गावनिहाय असतो. त्यानंतर फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. भांडण सुरू झाल्यावर चार महिन्यांत हक्कसोडपत्राने जमीन भावाच्या नावावर गेली असेल, तर त्या फेरफाराची तारीखच तुमचा पुरावा होते. "माझ्या नावावर काही नाही" हे वाक्य कधीपासून खरं झालं, हे कोर्टाला दिसायला पाहिजे.

नुसत्या सातबाऱ्यावरून उत्पन्न कळत नाही. दोन एकर जतच्या माळावर आणि दोन एकर कृष्णाकाठी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून पीक सिद्ध करा. गाव नमुना बारामध्ये पीक लिहिलेलं असतं, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करतो. ऊस असेल तर कारखान्याकडे नोंद असते, सभासद क्रमांक असतो आणि बिल बँक खात्यात जमा होतं. द्राक्षबाग असेल तर दलालाची पट्टी (विक्रीचा हिशोब), बेदाणा असेल तर तासगाव किंवा सांगलीच्या सौद्यातली अडत्याची पट्टी, दूध घालत असतील तर डेअरीचं बिल. पट्ट्या घरातच असतात, फडताळात नाहीतर पिशवीत. घर सोडायची वेळ आली तर दागिन्यांबरोबर त्यांचे मोबाईलवर फोटो काढून घ्या. मूळ कागद उचलून आणू नका, चोरीचा आळ येतो.

सगळ्यात बोलका कागद म्हणजे कर्जाचा अर्ज. कोर्टात गरीब झालेला माणूस विकास सोसायटीत किंवा बँकेत कर्ज मागताना बागायत किती, पीक कोणतं, परतफेड कशी करणार हे स्वतःच्या सहीने लिहून देतो. ठिबकचं अनुदान घेतलं असेल, पीक विमा उतरवला असेल, तिथेही तेच. हे कागद बँक किंवा सोसायटी तुम्हाला हातात देणार नाही. त्यासाठी वकिलांमार्फत अर्ज करून कोर्टाकडून समन्स काढायचं आणि रेकॉर्ड मागवायचं. अर्जात मोघम "सगळी माहिती मागवावी" असं लिहू नका. कोणती संस्था, कोणाचं खाते, कोणत्या हंगामापासून कोणत्या हंगामापर्यंत, असं नेमकं लिहिलं तर अर्ज मंजूर होण्याची शक्यता जास्त.

खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या मुलींचा प्रश्न वेगळा आहे. नवरा केरळात किंवा दिल्लीत गलाईचं काम करतो, सोन्या-चांदीचा धंदा रोखीत चालतो, गावी येतो तेव्हा "भावाच्या दुकानात कामाला आहे" म्हणतो. अशा वेळी दुकानाचं नाव आणि जीएसटी क्रमांक शोधा. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की धंदा कोणाच्या नावाने आहे ते दिसतं. मग प्राप्तिकर विवरण आणि चालू खात्याचा उतारा कोर्टामार्फत मागता येतो. गावच्या घराचं बांधकाम, गाडी, लग्नात किंवा यात्रेत केलेला खर्च यांचे फोटो आणि पावत्याही उपयोगी पडतात. उत्पन्नाचा थेट कागद नसेल तर राहणीमानावरून अंदाज बांधायला कोर्ट तयार असतं.

नवरा सैन्यात असेल तर पगारातून बायको-मुलांसाठी कपात करण्याची तरतूद सैन्यदलाच्या कायद्यातच आहे. त्याच्या युनिटकडे अर्ज करता येतो, कोर्टाची केस त्याबरोबरच चालू ठेवता येते.

एवढं झाल्यावर स्वतःकडे बघा. तुमचं प्रतिज्ञापत्रही तितकंच काटेकोर हवं. शिवणकामाचे महिना चार हजार येत असतील तर लिहा. खासगी शाळेत शिकवत असाल तर पगार लिहा. एका बहिणीने बालवाडीची नोकरी लपवली, उलटतपासात ती निघाली, आणि मग तिच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसेना. थोडी कमाई आहे म्हणून पोटगी नाकारली जात नाही. शिक्षण आहे म्हणूनही आपोआप नाकारली जात नाही. खर्चाचा तक्ताही जोडा: घरभाडं, किराणा, शाळेची फी, औषधं, एसटीचा पास. तारखेला तालुक्याहून सांगलीला यायचा खर्चसुद्धा. माहेरी राहता म्हणून भाडं शून्य लिहिलं तरी वडील किती आणि कशातून सांभाळतात ते लिहा.

किती मिळेल, हा प्रश्न मला सगळे विचारतात. ठरलेला दर नाही. नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या सुमारे २५ टक्के रक्कम योग्य ठरू शकते, असं २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. लोक त्यालाच नियम समजतात. मुलं किती, नवऱ्यावर आई-वडील अवलंबून आहेत का, कर्ज खरं आहे का, यावर रक्कम खालीवर होते.

वागणुकीचे आरोप कुठे लागतात

घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मधली आपल्याकडे नेहमी येणारी कारणं म्हणजे क्रूरता, दोन वर्षांचा सततचा परित्याग आणि विवाहबाह्य संबंध. या आरोपांना पुरावा लागतो आणि तो त्याच वेळचा हवा. मारहाण झाल्याच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात दाखवलेला केसपेपर, पोलीस ठाण्यातली नोंद, आईला त्याच रात्री पाठवलेला संदेश, शेजारणीची साक्ष. तीन वर्षांनी लिहिलेल्या हकिकतीपेक्षा त्या दिवसाच्या एका केसपेपरचं वजन जास्त.

मोबाईलमधलं रेकॉर्डिंग चालतं का? नवरा-बायकोतलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून घेता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. पण ते कापलेलं, जोडलेलं नसावं, मूळ मोबाईल जपून ठेवावा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं. निवडक तीस सेकंद काढून दिले तर उलटतपासात उरलेला भाग मागतातच.

संबंधांचा आरोप फार जपून करा. सप्टेंबर २०१८ पासून व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे. पुरुषांनाही हे सांगायचं आहे. पोटगी चुकवायला बायकोच्या चारित्र्यावर बोट ठेवणं ही आपल्याकडची रीतच झाली आहे, आणि ती बघून मला फार वाईट वाटतं. कलम १४४ खाली पोटगी नाकारायला ती व्यभिचारात राहत असल्याचं सिद्ध व्हावं लागतं, एखादा संशयाचा फोन पुरत नाही. सिद्ध न झालेला असा आरोप उलट क्रूरता ठरू शकतो. मूल आपलं नाही म्हणून डीएनए तपासणी मागितली तरी कोर्ट ती सहजासहजी देत नाही. हाच न्याय दुसऱ्या बाजूलाही आहे: बायकोने केलेली खोटी फौजदारी तक्रार नवऱ्याच्या बाजूने क्रूरतेचं कारण होते. जे घडलं तेवढंच लिहा. नणंदेचं लग्न होऊन ती दहा वर्षं पुण्यात असेल तर तिचं नाव घालू नका.

कायमची पोटगी ठरवताना कलम २५ मध्ये दोघांचं वर्तन बघितलं जातं, हे खरं आहे. पण वर्तनाबरोबर उत्पन्न आणि मालमत्ताही त्याच वाक्यात आहेत.

आणखी एक. छळानंतर मिटवून परत नांदायला गेलात तर आधीच्या गोष्टी माफ केल्या असं धरलं जाऊ शकतं. मिटवायचं असेल तर जरूर मिटवा, पण कोणत्या अटींवर जाता ते लिहून ठेवा.

केस दाखल झाल्यावर

समन्स बेलिफामार्फत जातं. नवरा घर बंद करून बसला, पत्ता चुकीचा निघाला, की तारखा वाया जातात, म्हणून अर्जात गावचा पत्ता, दुकानाचा पत्ता आणि मोबाईल क्रमांक असं सगळं द्या. त्याची बाजू मांडायला मुदत मिळते, म्हणणं येतं, मग अंतरिम पोटगीवर युक्तिवाद. २०२० च्या निकालाप्रमाणे प्रतिज्ञापत्राला चार आठवडे आणि अंतरिम पोटगीच्या हुकुमाला चार ते सहा महिने अपेक्षित आहेत. तो मुद्दाम उशीर करत असेल तर त्याचा बचाव काढून टाका असा अर्ज करता येतो. पोटगी मंजूर झाली की ती अर्जाच्या तारखेपासून लागू होते, म्हणून अर्ज लांबवू नका.

कौटुंबिक न्यायालयात आधी समुपदेशकाकडे पाठवतात. तिथे घाबरायचं कारण नाही. घाई करून सही मात्र करू नका. नवऱ्याकडून "नांदायला ये" असा कलम ९ चा अर्ज आला तर गप्प बसू नका, उत्तर द्या. त्या हुकुमानंतर गेली नाही म्हणून बायकोची पोटगी आपोआप बंद होत नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. न जाण्याचं कारण तुम्ही सिद्ध करायचं असतं.

संमतीने सुटायचं असेल

दोघांची तयारी असेल तर कलम १३-ब सगळ्यात कमी त्रासाचं. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, पण दीर्घकाळ वेगळे असाल आणि पोटगी-मुलांचं सगळं मिटलं असेल तर २०१७ पासून कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. तडजोडीच्या अटींत एकरकमी रक्कम कोणत्या तारखेला आणि कशी देणार ते लिहा. माझा आग्रह आहे की शेवटच्या जबाबाच्या दिवशीच पूर्ण रक्कम डिमांड ड्राफ्टने कोर्टात द्यावी. "ऊसबिल आलं की देतो" यावर सही करू नका. स्त्रीधनाची वस्तुवार यादी जोडा. आणि मुलांच्या पोटगीचा हक्क आई सोडून देऊ शकत नाही, तसं कलम कुणी घातलं तर काढायला लावा.

वसुली

हुकूम झाला म्हणजे पैसे आले असं होत नाही. थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा अर्ज, जप्ती, वॉरंट या पायऱ्या आहेत. प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत बसून आला तरी रक्कम माफ होत नाही. मात्र कलम १४४ खाली थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कित्येक जणी "देईल, देईल" म्हणत दोन वर्षं थांबतात आणि एक वर्षाची रक्कम घालवतात. दर दहा महिन्यांनी अर्ज, असं कॅलेंडरवर लिहून ठेवा. नवरा दुसऱ्या राज्यात असेल तर तो सापडेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत हुकूम बजावता येतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक हत्यार आहे. कलम २५ प्रमाणे कायमच्या पोटगीचा बोजा त्याच्या जमिनीवर ठेवता येतो. हुकुमात तसं मागून घ्या, मग तलाठ्याकडे फेरफार टाकून सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करा. बोजा असलेली जमीन गुपचूप विकता येत नाही. बहिणीच्या प्रकरणात शेवटी यामुळेच पैसे वेळेवर यायला लागले.

निकाल विरोधात गेला तर कौटुंबिक न्यायालयाचं अपील उच्च न्यायालयात जातं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्याला त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. वरिष्ठ स्तर न्यायाधीशांच्या निकालाचं अपील जिल्हा न्यायालयात. घटस्फोट मिळाला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करू नका. हुकूमनाम्याच्या निदान चार प्रमाणित नकला एकाच वेळी काढा. पासपोर्ट, रेशनकार्ड, मुलांची शाळा, बँक, सगळीकडे त्या मागतात, आणि नंतर प्रत्येक नकलेसाठी पुन्हा एक दिवस विजयनगरला काढावा लागतो.